पायथन शिकताना चॅटवर मदत कशी मागायची? गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

मी फोंड्याची. दिवसा नोकरी, आणि रात्री जेवणं आटोपली की तासभर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या चॅटवर नवख्यांना उत्तरं देते. आमच्या छोट्या गटात विचारणारे बहुतेक डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतले आहेत. शाळा मराठीतून झालेली आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून हे पान.

एक सूचना आधीच देते. इथे कोडमधले शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. तुम्ही प्रिंट, इनपुट, इंट हे सगळं रोमन लिपीतच टाइप करायचं, नाहीतर पहिली एरर माझ्यामुळेच यायची.

१. मला अजून काहीच येत नाही. तरी विचारलं तर चालेल का?

चालेल. फक्त पायथन मशीनवर बसवलेलं असावं आणि एखादा दोन ओळींचा प्रोग्राम स्वतः चालवून पाहिलेला असावा. बसवताना अडलात तर तेही विचारा. विंडोजवर बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. पहिल्याच खिडकीत तळाशी पायथन 'पाथ'मध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या जागांच्या यादीत) घालायची चौकट असते, तिच्यावर खूण करायची राहून जाते. मग 'पायथन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. अशा वेळी नुसतं 'पीवाय' टाइप करून पाहा.

दादाचं किंवा ताईचं जुनं पुस्तक वापरत असाल तर त्यात प्रिंटपुढे कंस आहे का बघा. नसेल तर ते पायथन २ चं पुस्तक आहे. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पुस्तक परत करा.

२. चॅट म्हणजे नेमकं कुठे जायचं?

तीन ठिकाणं आहेत. सगळ्यात जुनं आयआरसी, म्हणजे नुसत्या मजकुराच्या गप्पांची इंटरनेटवरची जुनी सोय. ते १९८८ मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने तयार केलं, म्हणजे ते खुद्द पायथनपेक्षा जुनं (पायथन लोकांच्या हाती आलं १९९१ मध्ये). पायथनची आयआरसीवरची खोली आता लिबेरा चॅट या आयआरसीच्या जाळ्यावर आहे. २०२१ पूर्वीच्या लेखांत फ्रीनोड या आधीच्या जाळ्याचा पत्ता दिलेला असतो, तिकडे जाऊ नका. दुसरं ठिकाण डिस्कॉर्ड, जिथे आज नवशिक्यांची सगळ्यात जास्त गर्दी असते. तिसरं म्हणजे टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे आपल्याकडचे लहान गट.

आयआरसीवर जाणती माणसं भेटतात, पण तुम्ही बाहेर पडलात की मागे काय बोलणं झालं ते तुम्हाला दिसत नाही. आपल्याकडे जून-जुलैत वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. राउटर बंद पडला आणि नेमकं तेवढ्यात कुणी उत्तर दिलं तर ते गेलंच. म्हणून पावसाळ्यात मी नवख्यांना डिस्कॉर्ड सांगते. तिथे उत्तर दुसऱ्या दिवशीही जागेवर असतं.

३. "कुणी आहे का?" असं विचारलं, अर्धा तास झाला, कुणी बोलतच नाही. का?

कारण त्याला "हो, आहे" म्हणणं म्हणजे न पाहिलेला प्रश्न अंगावर घेणं. "पायथनबद्दल एक शंका आहे, विचारू का?" याचंही तेच. परवानगी मागू नका, थेट प्रश्न टाका. जाणारा-येणारा वाचतो आणि ज्याला येतं तो थांबतो.

वेळही बघा. आपल्याकडे रात्रीचे ८ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ असतात. त्या सुमाराला परदेशी खोल्या भरलेल्या असतात. आमच्या गटाचं म्हणाल तर चवथीचे दिवस सोडून कधीही या. चवथीला माझ्यासकट सगळेच गावी असतात. तासभर वाट पाहूनही उत्तर नसेल तर प्रश्न एकदा पुन्हा टाकायला हरकत नाही. एकच प्रश्न एकाच वेळी चार खोल्यांत टाकलात तर मात्र लोक चिडतात. त्या चार खोल्यांत बरेचदा तीच माणसं असतात.

४. प्रश्न लिहायचा कसा? मी लिहिलं की सगळे उलट प्रश्नच विचारत बसतात.

काजूच्या हंगामात वाळपईच्या एका मुलाने लिहिलं, "प्रोग्राम चुकीचं उत्तर देतो." मी विचारलं, कुठला प्रोग्राम? "काजूच्या बियांचा हिशेब." काय उत्तर येतं? "चुकीचं." एरर येते का? "नाही." असं पंधरा मिनिटं चाललं. शेवटी त्याने लिहिलं, "भाव १५० टाकला, वजन ३ किलो, ४५० यायला पाहिजे होते, १५०१५०१५० आले."

ते वाचलं आणि कोड न बघताच कळलं. भाव त्याने इनपुटने विचारला होता, ३ हा आकडा कोडमध्येच लिहिलेला होता. इनपुटने आलेली गोष्ट पायथनच्या दृष्टीने नेहमी मजकूर असते, मग ती आकड्यासारखी दिसो वा नसो. मजकुराला ३ ने गुणायचं म्हणजे तो तीनदा लिहायचा. इनपुटला इंटच्या (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनच्या) कंसात घातलं की काम झालं. (वजनही इनपुटनेच विचारलं असतं तर मजकूर गुणिले मजकूर झालं असतं, आणि पायथनने सरळ टाइपएरर दिली असती. ती बरी, निदान ओरडते तरी.)

तेव्हा काय करायचं होतं, काय टाइप केलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं लिहा. "चुकीचं" हा शब्द सोडा, आलेला आकडा जसाच्या तसा द्या. सोबत कोडचा तेवढाच तुकडा द्या, जो एकटा चालवला तरी तीच चूक दाखवतो. दोनशे ओळींतून असा सहा ओळींचा तुकडा वेगळा काढताना निम्म्या लोकांना चूक स्वतःलाच सापडते आणि प्रश्न विचारायचाच राहतो. मी गेली कित्येक वर्षं अशी स्वतःचीच उत्तरं मिळवते आहे.

५. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर चालेल का?

नको. फोटोतला कोड आम्हाला चालवून बघता येत नाही, शोधता येत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. वरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. टर्मिनलमधला (प्रोग्राम चालवायच्या काळ्या खिडकीतला) मजकूर निवडून कॉपी करता येतो, तो पाठवा. अपवाद एकच: जे दिसतं तेच चुकलं असेल, म्हणजे टर्टलने (पायथनमधल्या चित्रं काढायच्या साधनाने) काढलेली रांगोळी वाकडी आली किंवा आलेखात मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले, तर फोटो हवाच. तेव्हाही स्क्रीनशॉट घ्या, आणि कोड मजकुरातच द्या.

६. एरर वीस ओळींची येते. त्यातलं काय पाठवू?

सगळी पाठवा, पण स्वतः वाचताना खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वरच्या ओळींत कुठे बिघडलं ते. नवशिके पहिली ओळ पाठवतात, आणि ती तर बहुतेक एररमध्ये सारखीच असते.

पायथनची आवृत्तीही सांगा. ३.१० पासून एररची भाषा पुष्कळ सुधारली. नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर "तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?" असंही तो विचारतो. ३.११ पासून ओळीतला नेमका तुकडा खालून खुणा करून दाखवतो. तुमच्याकडे ३.८ असेल तर आम्ही "खुणा कुठे आहेत?" म्हणत राहणार आणि तुम्ही शोधत राहणार.

७. कोड चॅटमध्ये चिकटवला की त्याची वाट लागते. चांगला चालणारा कोड समोरच्याकडे चालत नाही.

चॅटला वाटतं तुम्ही पत्र लिहिताय. डिस्कॉर्डवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असल्या की त्या गायब होऊन शब्दाखाली रेघ येते, म्हणजे क्लासमधलं 'इनिट' संपलंच. व्हॉट्सॲपवर दोन तारकांमधला शब्द ठळक होतो. मोबाइलचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वळवून गोल करतो आणि पायथनला ती ओळखू येत नाहीत. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही कधीकधी गिळली जाते. पायथनमध्ये त्या जागेवरच तर सगळं उभं आहे.

उपाय म्हणजे कोडच्या आधीच्या ओळीत तीन बॅकटिक आणि नंतरच्या ओळीत तीन. बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर १ च्या डावीकडची, टॅबच्या वरची कळ. अवतरणचिन्ह ते नव्हे. हे डिस्कॉर्ड, टेलिग्राम, व्हॉट्सॲप तिन्हीकडे चालतं. आयआरसीवर चालत नाही. तिथे कोड पेस्टबिनसारख्या जागी ठेवून फक्त दुवा द्यायचा. एकापाठोपाठ दहा ओळी सोडल्यात तर खोलीची राखण करणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) हाकलून देतो. डिस्कॉर्डवरही साध्या खात्याला एका संदेशात २००० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणून लांब कोड तिथेही पेस्टबिनवरच.

८. उत्तर देणाऱ्याला सर म्हणायचं का?

परदेशी खोल्यांत नको. समोरचा सोळा वर्षांचा असू शकतो. टोपणनावाने हाक मारा, त्यात उद्धटपणा नाही. आपल्या गटात दादा, ताई, बाब, काहीही चालेल. मला बरेच जण सर म्हणतात. मी काही बोलत नाही, पण ऐकू आलेलं असतं.

९. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत किंवा कोकणीत विचारू का?

आपल्या गटांत खुशाल. गोव्यात निम्मं वाक्य मराठीत सुरू होऊन कोकणीत संपतं आणि कुणाला काही वाटत नाही. परदेशी खोल्यांत मात्र इंग्रजीच. तिथे व्याकरण कुणी तपासत नाही. प्रश्न ४ मधल्या चार गोष्टी तुटक इंग्रजीत लिहिल्या तरी पुरतात, कारण कोड आणि एरर इंग्रजीतच असते.

आयआरसीवर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण जास्तीची. तिथे एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, आणि त्यात तुमचं नाव, खोलीचं नाव हेही आलं. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह धरलं जातं. त्यामुळे इंग्रजीत जेवढं लिहिता येतं त्याच्या साधारण एक तृतीयांश चिन्हं बसतात. वाक्य मधेच तुटलं तर घाबरू नका, पुढचं दुसऱ्या ओळीत लिहा.

१०. फाइलमध्ये फक्त "पणजी" लिहिलं तर वाचली जाते, "म्हापसा" लिहिलं की एरर. म्हापशाचं काय चुकलं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. खरं तर पणजीही नीट वाचली जात नाही. प्रिंट करून पाहा, युरोपियन अक्षरांचा कचरा दिसेल. फक्त एरर येत नाही, एवढंच.

फाइल उघडताना तुम्ही काही सांगितलं नाही तर विंडोजवरचं पायथन जुनी अक्षरसारणी (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) धरून चालतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती बहुधा सीपी-१२५२ असते. फाइल मात्र यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत साठवलेली असते. पणजीतल्या चार चिन्हांचे बारा बाइट त्या सारणीत कुठल्या ना कुठल्या चिन्हावर जाऊन बसतात. म्हापसामध्ये 'म' अर्धा करायला हलन्त लागतो. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये ८डीची जागा रिकामी आहे. तिथे पायथन हात टेकतं आणि युनिकोडडिकोडएरर देतं. म्हणजे जोडाक्षर आलं की मोडणार. 'ए' आणि 'ऐ' या स्वरांचंही तसंच, त्यांचे शेवटचे बाइटही रिकाम्या जागीच पडतात.

ओपनच्या कंसात 'एन्कोडिंग' म्हणून यूटीएफ-८ द्या, वाचतानाही आणि लिहितानाही. फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून काढलेली असेल तर 'यूटीएफ-८-सिग' द्या. नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटून येतं आणि "रकाना समोर दिसतोय, पण सापडत नाही" असा पुढचा प्रश्न घेऊन तुम्ही परत येता.

परदेशी खोलीत यावर "एन्कोडिंग दे" एवढंच उत्तर मिळतं. ते बरोबरच आहे. पण पणजी आणि म्हापशातला फरक तिथे कुणाला सांगता येईल असं वाटत नाही.

११. "गोवा" दोन अक्षरं, पायथन चार का मोजतं? आणि दोन सारखे शब्द सारखे नाहीत असं का म्हणतं?

ग, ओकार, व, काना अशी चार चिन्हं. पायथन चिन्हं मोजतं, अक्षरं नाही. म्हापसा त्याच्या हिशेबी सात. शब्द उलटा केलात तर कान्यापासून सुरुवात होते आणि भलतंच काहीतरी दिसतं. पॅलिंड्रोमचा (उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या शब्दांचा) अभ्यास मराठी शब्दांवर करून पाहू नका.

सारख्या शब्दांचं दुखणं बहुतेकदा "दुसऱ्या"मधल्या ऱ्य सारख्या जागी असतं. एका कीबोर्डवर ऱ हे एकच चिन्ह येतं, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता अशी दोन. डोळ्यांना फरक दिसत नाही. 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' दोन्ही बाजूंना 'एनएफसी' देऊन चालवा, दोन्ही एक होतात. मध्ये न दिसणारा जोडक असेल तर मात्र याने भागत नाही, तो रिप्लेसने काढावा लागतो. हे विचारताना शब्द टाइप करू नका, तुमच्या फाइलमधूनच कॉपी करून द्या. टाइप केलात की आजार तिथेच राहतो आणि आमच्याकडे निरोगी शब्द येतो.

१२. व्हेरिएबलची नावं मराठीत दिली तर चालतात का?

चालतात. २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हापासून भाव, वजन, एकूण अशी देवनागरी नावं देता येतात. आकड्यांची मात्र गंमत आहे. वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरीत १५० टाइप केले तर इंट ते बिनबोभाट समजून घेतं. तेच देवनागरी १५० तुम्ही कोडमध्ये लिहिलेत तर सिंटॅक्सएरर.

घरी शिकताना मराठी नावं जरूर वापरा, डोक्यात लवकर बसतं. परदेशी खोलीत विचारताना नावं रोमन करून द्या. समोरच्याला तुमचं व्हेरिएबल टाइपच करता येत नाही.

१३. मी साधं विचारलं तर "तुला मुळात करायचंय काय?" असं उलट विचारतात. हा काय खवचटपणा?

खवचटपणा नाही, अनुभव आहे. एकीने विचारलं, मजकुराची शेवटची तीन चिन्हं कशी काढायची? सांगितलं. थोड्या वेळाने आली, चार चिन्हं असतील तर? मग कळलं, तिला फाइलच्या नावावरून ती कुठल्या प्रकारची आहे ते हवं होतं. त्यासाठी 'पाथलिब'मध्ये 'सफिक्स' तयारच आहे. तुम्ही तुमच्या उपायातली अडचण विचारता, आणि उपायच चुकीचा असतो. प्रश्न ४ मधलं "काय करायचं होतं" हे पहिलं कलम त्यासाठीच.

१४. एआयला विचारलं की लगेच उत्तर मिळतं. मग चॅटवर का यायचं?

एररचा अर्थ समजून घ्यायला एआय बरा, मीही वापरते. पण तो कधीकधी नसलेलं फंक्शन छातीठोकपणे सांगतो, आणि नवख्याला ते ओळखता येत नाही. चॅटवर कुणी चुकीचं सांगितलं तर शेजारचा लगेच टोकतो. एआयने लिहिलेला कोड घेऊन आलात तर तसं आधीच सांगा. "ही ओळ का लिहिलीस?" याला "माहीत नाही" हे उत्तर आलं की आम्हाला कळतंच. दुसऱ्याच्या प्रश्नाला एआयचं उत्तर आणून चिकटवू नका, अनेक खोल्यांत त्याला बंदी आहे.

१५. कॉलेजचं असाइनमेंट करून मिळेल का? उद्या सकाळी द्यायचंय.

नाही. तुम्ही केलेलं दाखवलंत तर जिथे अडलात तिथून पुढे ढकलू.

१६. एकाने खासगी मेसेज करून मदत देऊ केली. घेऊ का?

शक्यतो नको. उघड्यावर दिलेलं उत्तर दहा जण तपासतात, खासगीतलं कुणीच नाही. पैसे मागितले किंवा तुमच्या मशीनचा ताबा दुरून घेऊ द्या म्हटलं तर तिथेच संपवा.

कोड टाकण्याआधी त्यात पासवर्ड किंवा एपीआयची चावी (दुसरी सेवा तुमच्या नावाने वापरायची गुप्त खूण) नाही ना, ते बघा. पडलीच तर संदेश पुसून भागत नाही, वाचणाऱ्याने केव्हाच वाचलेला असतो. चावी रद्द करून नवी घ्या. टेलिग्राम बॉट बनवणारे हे हमखास करतात.

१७. काल चालणारा प्रोग्राम आज चालत नाही. मी काहीही बदललेलं नाही. देवाशपथ.

फोल्डर उघडा आणि फाइलींची नावं वाचा. काल संध्याकाळी रँडमचा (कुठलाही आकडा निवडून देणाऱ्या मॉड्यूलचा) सराव केलात आणि फाइलला 'रँडम' असंच नाव दिलंत ना? आता जुन्या प्रोग्रामने रँडम मागितलं की पायथन आधी त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात बघतं, त्याला तुमची फाइल सापडते आणि खरं रँडम मागेच राहतं. एररमध्ये "अर्धवट सुरू झालेलं मॉड्यूल" अशा अर्थाचे शब्द असले तर नव्वद टक्के हेच. टर्टल, कॅलेंडर, ईमेल या नावांनीही हेच होतं. फाइलचं नाव बदला, 'पायकॅश' नावाचं फोल्डर दिसलं तर तेही उडवा आणि पुन्हा चालवा. तरी एरर आली तर प्रश्न ६ प्रमाणे सगळी पाठवा, आणि सोबत फोल्डरातल्या फाइलींची यादी द्या.